नाव नसलेलं प्रेत आणि दहा पुस्तकांचा तपास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. मार्टिन बेक या स्वीडिश पोलीस अधिकाऱ्यावरच्या दहा पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं, ‘रोझॅना’, तुम्ही इंग्रजीतून वाचायला घेतलंत. कालव्याच्या गाळात एका बाईचं प्रेत सापडतं आणि आठवड्यांमागून आठवडे गेले तरी ती कोण हेसुद्धा पोलिसांना कळत नाही. तुम्ही कंटाळून पुस्तक बाजूला ठेवलंत. आता विचारता, खरंच इतका वेळ जातो का, की लेखकांनी पाणी घातलंय? हे सोडून थेट चौथं, बक्षीस मिळालेलं पुस्तक घेतलं तर चालेल का? आणि दहाच्या दहा वाचायलाच हवीत का?

मी पोलीस खात्यात एकतीस वर्षं काढली. बरीचशी ग्रामीण ठाण्यांत, आणि नऊ वर्षं स्थानिक गुन्हे शाखेत, म्हणजे सगळे ज्याला एल.सी.बी. म्हणतात तिथे. ही मालिका नोकरीत असताना एकदा आणि निवृत्तीनंतर एकदा, अशी दोनदा वाचली. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर तपासी अंमलदार म्हणून देतो. हो, इतका वेळ जातो. त्या पुस्तकात गेलेला वेळ मला तर कमीच वाटतो.

खून म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एक घर येतं, रडणारी माणसं येतात आणि तीन-चार संशयित येतात. माझी पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर, झुंजार आणि काळा पहाडवर वाढली. तिथे मेलेला कोण हा प्रश्न क्वचितच पडायचा, मारणारा कोण एवढंच शोधायचं असायचं. बेपत्ता माणसाच्या खुनात सुरुवातीला खून नसतोच. दोन वेगळ्या ठाण्यांत दोन कागद असतात, बस. एका ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल झालेली असते: अमुक वयाची, अमुक वर्णाची, घरात कोणास काही न सांगता निघून गेली. दुसऱ्या ठाण्यात, पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यात, ‘ए.डी.’ म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद असते: अनोळखी स्त्री जातीचे प्रेत, वय अंदाजे. हे दोन कागद एकमेकांना भेटत नाहीत तोवर फिर्यादी नाही, संशयित नाही, जबाब कोणाचा घ्यायचा तेही ठरत नाही. तपासाची सगळी ताकद त्या दोन कागदांची भेट घडवण्यात जाते.

त्यात मिसिंगचा कागद मुळातच हलका. सज्ञान माणसाला घर सोडून जायचा हक्क आहे, त्यामुळे नोंद होते, शोध पत्रिका निघते, बिनतारी संदेश जातो, पण गुन्हा दाखल झालेला नसतो. मुलांची गोष्ट निराळी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यापासून १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की थेट गुन्हा नोंदवावा लागतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र ठाणे अंमलदाराच्या मनात पहिलं वाक्य हेच येतं, ‘येईल दोन दिवसांत.’ बहुतेक वेळा ती व्यक्ती येतेही, आणि त्या येणाऱ्यांच्या गर्दीत न येणारी दिसेनाशी होते.

एक अनुभव सांगतो. गाव आणि साल मुद्दाम सांगत नाही, कारण त्या घरातली माणसं आहेत. धरणाच्या फुगवट्यात एका बाईचं प्रेत लागलं. पाण्यात आठ-दहा दिवस असावं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा, पंचनामा केला. आता तेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं. पंचनाम्यात आम्ही लिहिलं: हिरवी साडी, पायात जोडवी, डाव्या मनगटावर गोंदण, पोलक्याला आतून शिंप्याचं लेबल. लेबलावरची अर्धी अक्षरं गेलेली. डॉक्टरांनी व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी पोटातले अवयव, राखून ठेवला. प्रेत दफन केलं. अनोळखी प्रेत असलं की मी नेहमी दफनच करवून घ्यायचो, म्हणजे पुढे गरज पडली तर पुन्हा काढता येतं.

मग सुरू झालं ते बेकच्या पुस्तकासारखंच. माझा एक हवालदार दर आठवडी बाजाराला ते लेबल घेऊन जायचा. एक तालुका, मग दुसरा. शिंपी लेबल हातात घ्यायचे, उजेडाकडे धरायचे आणि मान हलवायचे. साडेचार महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शिंप्याने शिवण पाहिली आणि म्हणाला, ‘बाही माझी आहे.’ त्या गावाच्या ठाण्यात मिसिंग होती. प्रेत सापडल्यापासूनची. पण तिच्यात वय दहा वर्षांनी जास्त लिहिलेलं, साडी निळी लिहिलेली, गोंदणाचा उल्लेख नाही. खबर सासरच्यांनी दिली होती. त्या बाईच्या आईला कोणी विचारलंच नव्हतं. आईने जोडवी पाहिली आणि खाली बसली. ती सहा मैलांवरच्या गावात राहत होती आणि लेक नांदायला गेलेली आहे एवढंच तिला माहीत होतं. खुनाचा तपास त्या दिवशी सुरू झाला, म्हणजे खून होऊन जवळजवळ पाच महिन्यांनी.

आता ‘रोझॅना’ पुन्हा उघडा. १९६५ चं पुस्तक आहे. माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने ते लिहिलं. दोघं कालव्यातल्या बोटीतून प्रवास करत होते, बोटीवर एक अमेरिकन बाई एकटीच उभी दिसली, आणि तिच्यावरूनच त्यांना पहिल्या पुस्तकातलं प्रेत सुचलं, असं श्योवालबाईंनी पुढे सांगितलं आहे. पुस्तकात ८ जुलैला दुपारी, मोताला गावाजवळ बोरेन्सहुल्टच्या जलपाशांपाशी, म्हणजे बोटी वरखाली नेणाऱ्या दारांपाशी, गाळ काढणाऱ्या यंत्राच्या डोलात ते प्रेत वर येतं. जागा किती विचार करून निवडली आहे पाहा. गोटा कालवा १९० किलोमीटर लांबीचा, ५८ जलपाश, १८३२ मध्ये पुरा झालेला. उन्हाळ्यात त्यातून प्रवाशांच्या बोटी जातात. म्हणजे प्रेत जिथे सापडलं तिथलं ते असेलच असं नाही. मोतालात कोणीही बाई बेपत्ता नाही, आसपासही नाही. त्यामुळे स्थानिक अधिकारी आल्बेर्ग आणि स्टॉकहोमहून आलेला बेक यांच्या हाती पहिली माहिती येते ती नकाराची: ही इथली नाही.

पुस्तकाचा हा भाग तुम्हाला रिकामा वाटला. मला तो सगळ्यात खरा वाटतो. ‘काही कळलं नाही’ हे वाक्य केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीत, रोज नव्या पद्धतीने लिहावं लागतं, आणि प्रत्येक वेळी कुठली तरी एक शक्यता बाद झालेली असते. वाचताना विचारायचं ते एवढंच, की आज काय बाद झालं? असं वाचलंत तर ती पानं भराभर सरकतात.

तीन महिन्यांनी अमेरिकेतून निरोप येतो. मुलगी रोझॅना मॅग्रॉ, राहणार लिंकन, नेब्रास्का, वय २७, ग्रंथालयात नोकरी. मिसिंगचा कागद तिकडे होता आणि प्रेताचा इकडे. आमच्या दोन जिल्ह्यांमध्ये साडेचार महिने गेले. त्यांच्यामध्ये अटलांटिक महासागर होता. आणि नाव मिळताच संशयितांची यादी शून्यावरून थेट ८५ वर जाते, कारण बोटीवर तेवढी माणसं होती. ती आता जगभर पांगलेली.

इथून पुढे दोन गोष्टींपाशी थांबून वाचा. पहिली गोष्ट प्रवाशांच्या छायाचित्रांची. पोलीस पर्यटकांना पत्रं पाठवून त्यांनी काढलेले फोटो आणि हौशी चित्रफिती मागवतात आणि त्यांतून त्या बोटीचा प्रवास पुन्हा उभा करतात. आज आम्ही दुकानांचे सीसीटीव्ही गोळा करतो, मोबाइलचे सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी काढतो, फोन कोणत्या टॉवरखाली होता ते लावून रस्ता शोधतो. कामाची जात तीच आहे. फरक एवढा, की सीडीआर एका अर्जावर येतो, आणि तो आला की माणसं विचार करायचं थांबवतात असं मी शेवटच्या वर्षांत पाहिलं. फोन कुठे होता ते कळतं. माणूस कुठे होता ते शोधावंच लागतं. तर, एका चित्रफितीत रोझॅना जिवंत दिसते. चालते, हसते. ज्यांनी तिला फक्त शवागारात पाहिलं त्या पोलिसांच्या खोलीत त्या वेळी काय होतं, ते लेखकांनी फार थोड्या शब्दांत दाखवलं आहे. माझ्या त्या बाईचा एक लग्नातला फोटो तिच्या आईने आणून दाखवला होता. तोपर्यंत मी तिला ‘हिरवी साडी’ म्हणत होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नेब्रास्कात घेतलेले जबाब. तिकडचा काफ्का नावाचा अधिकारी रोझॅनाच्या मैत्रिणीला आणि एका जुन्या मित्राला बोलावून विचारपूस करतो, आणि ती प्रश्नोत्तरं जशीच्या तशी पुस्तकात येतात. पुष्कळ वाचक ती चाळून पुढे जातात. तसं करू नका. मेलेली बाई इथे पहिल्यांदा माणूस होते: तिला एकटं राहायला आवडायचं, ती कोणाशी कशी वागायची, कशाला हो म्हणायची, कशाला नाही म्हणायची. हे घडतं जबाबांत, तेही दोन माणसांनी तिला दोन वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं म्हणून. नव्या फौजदारांना मी सांगायचो, की मयताची माहिती एकाच घरातून घेऊ नका. नवरा एक बाई सांगेल, बहीण दुसरी, आणि जिच्याबरोबर ती रोज शेतावर जायची ती तिसरी. तिसरीच बहुतेक उपयोगी पडते.

दोन कागद कशाने जुळतात याचं सगळ्यात गाजलेलं खरं उदाहरण एका मुंबईकराचं आहे. डॉक्टर बक रक्सटन. जन्माने मुंबईचा पारशी, मूळ नाव बख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम. इंग्लंडात लँकेस्टरला दवाखाना चालवायचा. १९३५ च्या सप्टेंबरच्या मध्यात त्याची बायको इझाबेला आणि घरात कामाला असलेली मेरी रॉजर्सन ही तरुण मुलगी दिसेनाशा झाल्या. २९ सप्टेंबरला शंभरेक मैल दूर, स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळच्या एका घळीत गाठोड्यांत बांधलेले मानवी अवशेष सापडले. मारणारा डॉक्टर होता. ओळख पटू नये म्हणून त्याने काय काय केलं होतं ते इथे लिहीत नाही. पण गाठोड्यांत वापरलेल्या कागदांत ‘संडे ग्राफिक’ या वर्तमानपत्राच्या १५ सप्टेंबरच्या अंकाची पानं होती, आणि ती खास आवृत्ती फक्त मोरकॅम आणि लँकेस्टरच्या भागात वाटली गेली होती. त्या एका रद्दीच्या पानाने स्कॉटलंडचं प्रेत आणि लँकेस्टरची मिसिंग यांची गाठ घातली. पुढे ग्लासगोचे ग्लेस्टर आणि एडिंबराचे ब्रॅश या प्राध्यापकांनी कवटीच्या छायाचित्रावर इझाबेलाचं जिवंतपणीचं छायाचित्र बसवून पाहिलं. ती पद्धत न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत आजही शिकवतात. १९३६ च्या मे महिन्यात रक्सटनला मँचेस्टरच्या तुरुंगात फाशी झाली. मला या प्रकरणात नेहमी मेरीची आठवण होते. डॉक्टरच्या घरातल्या भांडणाशी तिचा काही संबंध नव्हता. ती त्या रात्री त्या घरात होती, इतकंच. आणि तिचे आईवडील तिच्यासाठी हटून बसले, म्हणून चौकशी पुढे सरकली.

तुमचा दुसरा प्रश्न, की थेट चौथं घेऊ का. नका घेऊ.

कारण सांगतो. चौथं पुस्तक ‘द लाफिंग पोलिसमन’, १९६८ चं. त्याच्या इंग्रजी अनुवादाला १९७१ मध्ये अमेरिकेतलं रहस्यकथांसाठीचं एडगर पारितोषिक मिळालं. स्टॉकहोममध्ये एका बसमधल्या माणसांवर गोळीबार होतो आणि मेलेल्यांमध्ये बेकच्याच पथकातला एक तरुण पोलीस सापडतो, स्टेनस्ट्रोम. हे पहिल्या काही पानांतच आहे, म्हणून मी काही फोडत नाही. चौथ्यापासून सुरुवात केलीत तर स्टेनस्ट्रोम म्हणजे बसमधलं एक प्रेत. पहिल्यापासून वाचत आलात तर तुम्ही त्याला नवखा असताना पाहिलेलं असतं, पाळत ठेवताना पाहिलेलं असतं, त्याचं काम हळूहळू सुधारताना पाहिलेलं असतं. मग ती बस तुम्हालाही लागते. आणि तो त्या बसमध्ये का होता, याचं उत्तर सोळा वर्षांपूर्वीच्या, न उलगडलेल्या एका बाईच्या खुनाकडे जातं. त्या पोराने ती जुनी फाईल आपणहून हातात घेतली होती.

आमच्याकडे अशा फाईलला ‘अ समरी’ म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी मिळून येत नाही. न्यायालयाने मंजूर केली की फाईल बस्त्यात जाते. कायद्याने ती संपलेली नसते, नवीन माहिती आली तर पुन्हा उघडता येते. पण उघडणार कोण? रोजचा बंदोबस्त, जयंत्या, मोर्चे, समन्स-वॉरंट यांतून वेळ काढून वीस वर्षांपूर्वीचा कागद वाचायला एक खास प्रकारचा माणूस लागतो. माझ्या नोकरीत असे दोन पाहिले. दोघंही कमी बोलायचे. स्टेनस्ट्रोमबद्दल वाचताना मला ते दोघं दिसत होते.

क्रम पाळायचं दुसरं कारण नववं पुस्तक, १९७४ चं ‘कॉप किलर’. आणि तुम्हाला बेपत्ता माणसाच्या खुनाचीच गोष्ट हवी असेल तर माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक हेच. दक्षिणेला स्कोने प्रांतात आंदेर्सलोव्ह नावाचं लहान गाव. सिगब्रीट मोर्ड नावाची बाई बसथांब्यावर उभी होती, आणि मग कुठेच नाही. आणि तिच्या शेजारी राहतो एक माणूस, जो खुनाची शिक्षा भोगून आलेला आहे आणि ज्याला बेक फार पूर्वीपासून ओळखतो. नाव सांगत नाही. पहिली दोन पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे नववं पुस्तक वाचताना दोनदा धक्का बसतो, एवढंच सांगतो. न वाचलेल्याला ती नावं निव्वळ नावं वाटतील.

सगळं गाव, वर्तमानपत्रं आणि बेकचे वरिष्ठ यांना उत्तर आधीच माहीत असतं: पूर्वी केलं, आताही यानेच केलं. बेकला ते पटत नाही, आणि पटत नाही एवढंच त्याच्याकडे असतं. हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून उठलो होतो. कारण हे माझ्या हातून घडलेलं आहे. एका वस्तीवरून एक मुलगी बेपत्ता झाली होती, ठाण्यावर रोज माणसं येऊन बसत होती, आणि शेजारी रेकॉर्डवरचा एक इसम राहत होता. मी त्याला उचलला. चार दिवस त्याच्यामागे घालवले. त्या चार दिवसांत खरा आरोपी गावातच होता आणि शोध घेणाऱ्यांबरोबर विहिरी बघत फिरत होता. पाचव्या दिवशी आम्ही योग्य दिशेला वळलो, पण मधल्या काळात त्या इसमाच्या घरावर दगड पडले होते आणि त्याच्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. मी नंतर त्याच्या घरी जाऊन आलो. त्याने पाणी दिलं. बोलला काही नाही. या पुस्तकातलं ते गाव, ते शेजारी, त्या खिडक्यांमागचे चेहरे लेखकांनी कुठे पाहिले असतील कोण जाणे, पण ते अगदी तसेच असतात. (इंग्रजीत वाचणार असाल तर एक लक्षात ठेवा: तिथला गावपोलीस मूळ स्वीडिशमध्ये नोय्ड आहे, इंग्रजी अनुवादात त्याचं आडनाव ऑलराइट झालं आहे. माणूस एकच.)

दुसऱ्या पुस्तकाबद्दल थोडं, कारण तिथे उलटा प्रकार आहे. ‘द मॅन हू वेंट अप इन स्मोक’, १९६६. आल्फ मात्सोन नावाचा स्वीडिश पत्रकार बुडापेस्टला जातो आणि नाहीसा होतो. सामान हॉटेलात, पासपोर्ट हॉटेलात, माणूस नाही. सुट्टीवर नुकताच गेलेल्या बेकला परत बोलावून तिकडे पाठवतात. पहिल्या पुस्तकात प्रेत आहे पण नाव नाही. इथे नाव आहे पण प्रेत नाही. दोन्ही पाठोपाठ वाचली की बेपत्ता माणसाच्या तपासाची दोन्ही टोकं हातात येतात.

प्रेत नाही तर खून म्हणायचा कसा, हे वाचक नेहमी विचारतात. आपल्याकडे प्रेत न मिळताही शिक्षा होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात ते स्पष्ट केलं आहे. मात्र मृत्यू झाला आणि तो खुनानेच झाला, हे बाकीच्या पुराव्याने पक्कं उभं करावं लागतं. परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी महाराष्ट्रातल्याच खटल्यात ठरली: शरद बिर्धीचंद सारडा, १९८४. त्यात न्यायालयाने पाच तत्त्वं सांगितली आणि त्यांना ‘पंचशील’ हाच शब्द वापरला. साखळीची एकही कडी तुटता कामा नये, आणि आरोपी निर्दोष असण्याची कुठलीही वाजवी शक्यता उरता कामा नये. त्या खटल्यात आरोपी सुटला. मी हा निकाल फौजदारांना वाचायला लावायचो, कारण शेवटी आपला पंचनामा याच तराजूवर चढणार असतो.

या साखळीतली आमची सगळ्यात आवडती कडी म्हणजे ‘लास्ट सीन’, शेवटचं कोणाबरोबर पाहिलं. आणि तीच सगळ्यात दगा देणारी. साक्षीदाराने पाहिलं ते नक्की काय? चेहरा, की सदरा? कोणत्या दिवशी? की कोणीतरी सांगितलं म्हणून त्याला आता पाहिल्यासारखं वाटतंय? दुसरं पुस्तक वाचताना हा प्रश्न खिशात ठेवा. याहून जास्त बोललो तर तुमची मजा जाईल.

आणखी एक फरक ध्यानात घ्या, नाहीतर चौकशीचे प्रसंग वाचताना गोंधळ होईल. बेकच्या चौकशीत माणूस बोलता होणं हा शेवट असतो. आपल्याकडे पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. आरोपी जे सांगतो त्यातून प्रत्यक्ष वस्तू निघाली, हत्यार, कपडे, पुरलेली जागा, तरच तेवढा भाग घेता येतो. त्यामुळे आमचा तपास बोलण्यापाशी संपत नाही, खणण्यापाशी संपतो. आणि पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे पोलीस पुरावा मिळवण्यासाठी जो मार्ग धरतात तो मी कधीही धरला नसता. एका सहकाऱ्याचा जीव त्यात टांगणीला लागतो. लेखकांनाही ते माहीत आहे. बेक त्या पानांमध्ये समाधानी नाही.

दहाच्या दहा वाचायची का? श्योवाल आणि वालोंनी ही दहा पुस्तकं एकच कादंबरी म्हणून आखली होती: प्रत्येकात ३० प्रकरणं, मिळून ३००. १९६५ पासून दर वर्षी एक अशीच बहुतेक आली. मुलं झोपली की रात्री दोघं बसायचे, एक प्रकरण हिने, एक त्याने. सगळ्यांवर मिळून नाव होतं ‘एका गुन्ह्याची कादंबरी’, आणि तो गुन्हा म्हणजे त्यांच्या देशाने आपल्या गरीब माणसांना वाऱ्यावर सोडणं, असं त्यांना म्हणायचं होतं. दोघंही डाव्या विचारांचे. हे म्हणणं पहिल्या तीन पुस्तकांत दबक्या आवाजात आहे, पुढे चढत जातं. सहावं मला ढिलं वाटतं. आठव्यातलं आतून बंद खोलीतल्या मृत्यूचं कोडं छान आहे. दहावं फार पसरतं; ते आलं त्याच वर्षी, १९७५ मध्ये, वालो वारले. वेळ कमी असेल तर एक, दोन, चार, नऊ ही चार वाचा, पण याच क्रमाने. जमलं तर सगळी वाचा, कारण माणसं बदलताना दिसतात. बेकचा संसार मोडतो. स्टेनस्ट्रोमबरोबर राहणारी ओसा टोरेल पुढे स्वतः पोलिसात येते. आणि कोलबेर्ग, बेकचा सगळ्यात जवळचा सहकारी, नवव्याच्या शेवटी जे करतो ते समजायला मागची आठ लागतात. मी निवृत्तीला दोन वर्षं असताना ते पान वाचलं होतं.

वाचायची एक साधी पद्धत सांगतो. एक वही घ्या आणि केस डायरीसारखी ठेवा. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला त्या दिवशी काय नक्की झालं किंवा काय बाद झालं. स्वीडिश नावं डोक्यात राहत नाहीत, म्हणून मागच्या पानावर नाव, हुद्दा आणि एखादी खूण लिहा: मेलांडर, पाइप ओढतो, वाचलेलं काही विसरत नाही. स्वीडनचा एक नकाशा जवळ असू द्या. व्हेटर्न सरोवर आणि मोताला बोटाने शोधा. आणि एका बैठकीत चार-पाच प्रकरणांपेक्षा जास्त वाचू नका.

तुमचं पुस्तक जिथे मिटलं असेल तिथून पुढे जाण्याआधी जुलै महिन्याची पानं एकदा परत चाळा. प्रेत बाहेर काढल्यावर पोलीस जे जे टिपून ठेवतात, उंची, केस, अंगावर काय आहे आणि काय नाही, त्याची वहीत यादी करा. मग नेब्रास्काचा निरोप येतो ते पान काढा आणि ती यादी शेजारी ठेवून वाचा.